संत ऑगस्टीन ह्यांचा उपवासकाळ

ईस्टरच्या सणापूर्वीच्या चाळीस दिवसांस ख्रिस्ती मंडळींत उपवासकाळ किंवा लेंट असें म्हणतात. आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हा काळ पाळला जात नाहीं. परंतु श्रावणांतले व चातुर्मासांतले नेम ज्यांच्या घरीं चालतात त्यांस उपवास म्हणजे काय हें सांगावयास नको. एक गोष्ट मात्र पुष्कळशा ख्रिस्ती घरांतूनही विस्मृतींत गेली आहे. ती ही कीं, प्राचीन काळीं हे दिवस नुसते उपवासाचे नसून शिकण्याचेही होते. ज्यांना ईस्टरच्या रात्रीं बाप्तिस्मा घ्यावयाचा असे ते ह्या काळाच्या आरंभीं आपलें नांव मंडळींत नोंदवीत, आणि मग रोज धर्मशिक्षणास येऊन बसत. अशाच एका वर्गांत इ. स. ३८७ सालीं इटलींतील मिलान शहरीं बत्तीस वर्षांचा एक गृहस्थ बसला होता. कांहीं महिन्यांपूर्वीं तो त्याच शहरांत सरकारी वेतनावर वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक होता; आतां तो विद्यार्थी झाला होता. त्याचें नांव ऑगस्टीन. त्याचें चरित्र ह्या अंकांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजीं उत्तर आफ्रिकेंतील थागास्ते नांवाच्या लहान गांवीं झाला. हें स्थळ आज अल्जीरिया देशांत असून त्यास सूक अहरास म्हणतात. त्या काळीं तो सर्व प्रांत रोमन साम्राज्यांत मोडत होता. बाप पात्रिसियस हा बेताच्या स्थितीचा जमीनदार, नगरसभेचा सभासद, जुन्या रोमन देवतांना मानणारा. स्वभावानें तापट, पण मनाचा मोकळा. आई मोनिका ही ख्रिस्ती होती. मुलाच्या कपाळावर क्रुसाची खूण झाली, जिभेला पवित्र मीठ लागलें. परंतु बाप्तिस्मा मात्र झाला नाहीं. त्या वेळीं पुष्कळ आईबाप असेंच करीत. बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या पापाचा बोजा अधिक, तेव्हां तारुण्याचा भर ओसरूं द्यावा आणि मग पाहावें, असा त्यांचा हिशेब असे. ऑगस्टीन लहानपणीं एकदां पोटदुखीनें अगदीं मरणाच्या दारीं गेला, तेव्हां बाप्तिस्म्याची तयारी झाली. पण दुखणें हटलें आणि तयारीही तशीच राहिली. मोठेपणीं ह्या चालढकलीविषयीं त्यानें स्पष्ट खेद दाखविला आहे.

शाळेंत तो हुशार होता, पण अभ्यासापेक्षां खेळाकडे ओढा फार. ग्रीक भाषेशीं त्याचें कधींच जमलें नाहीं. मास्तरांच्या छडीचें त्याला इतकें भय वाटे कीं, देवाकडे त्यानें अगदीं मनापासून केलेली पहिली प्रार्थना, आज शाळेंत मार बसूं नये, ही होती. घरची वडील माणसें त्या वळांना हसत, ह्याचें दुःख त्याला चाळिशी उलटल्यावरही आठवत होतें. शिक्षकांनीं व पालकांनीं त्याच्या ग्रंथांतला एवढा भाग तरी अवश्य वाचावा.

जवळच्या मदौरा गांवीं पुढचें शिक्षण चाललें असतां पैसा संपला आणि सोळाव्या वर्षीं त्याला घरीं येऊन बसावें लागलें. रिकामें मन आणि वाईट सोबत ह्यांचें फळ लौकरच दिसलें. एके रात्रीं ह्या टोळक्यानें शेजारच्या मळ्यांतलें नासपातीचें झाड झोडपून फळें लुटलीं. त्यांना भूक नव्हती. त्याहून चांगलीं फळें ऑगस्टीनच्या घरींच होतीं. एकदोन चाखून बाकीचीं त्यांनीं डुकरांपुढें टाकलीं. चार फळांच्या चोरीचें एवढें काय, असें कोणी विचारील. परंतु पुढें आपल्या आयुष्याची कथा लिहितांना ऑगस्टीन ह्या झाडाखालीं फार वेळ थांबला आहे. पोटासाठीं चोरणारा मनुष्य त्याला समजत होता. लाभ कांहीं नसतां, केवळ करूं नये म्हणून करण्यांत जी गोडी वाटली, तिचें मूळ कोठें आहे, हा त्याचा प्रश्न होता. शिवाय एकटा असतों तर आपण ही चोरी केलीच नसती, हेंही त्यानें ओळखलें होतें. शाळेच्या मैदानावर ज्यांनीं मुलांचे घोळके पाहिले आहेत त्यांना ह्या म्हणण्याची खूण पटेल.

बापानें ऐपतीबाहेर खर्च करून, आणि रोमानियानस नांवाच्या धनिकाच्या मदतीनें, मुलाला कार्थेज ह्या मोठ्या शहरीं पाठविलें. मुलगा मोठा वक्ता व्हावा, पुढें अधिकारी व्हावा, एवढीच त्याची आकांक्षा होती. थोड्याच काळानें, मरणापूर्वीं बाप्तिस्मा घेऊन, पात्रिसियस वारला. कार्थेजमध्यें ऑगस्टीन वर्गांत पहिला असे. तेथें एका स्त्रीशीं त्याचा संबंध जडला. लग्न झालें नाहीं. परंतु सुमारें पंधरा वर्षें दोघें एकत्र राहिलीं. त्यांना जो मुलगा झाला त्याचें नांव अदेओदातस, म्हणजे देवानें दिलेला. त्या स्त्रीचें नांव इतिहासांत कोठेंही नोंदलेलें नाहीं.

एकोणिसाव्या वर्षीं सिसरोचा एक ग्रंथ हातीं आला आणि सत्याचा शोध करावा अशी तळमळ त्याला प्रथम लागली. म्हणून त्यानें पवित्र शास्त्र उघडलें. पण त्याची ओबडधोबड लॅटिन भाषा ह्या अलंकारप्रिय तरुणाच्या मनास येईना. तें मिटून तो मानी नांवाच्या पुरुषानें काढलेल्या पंथांत शिरला. त्या पंथाचें म्हणणें असें कीं, जगांत प्रकाश व अंधार अशीं दोन तत्त्वें झगडत असून मनुष्याच्या हातून पाप होतें तें त्या अंधाराच्या तत्त्वामुळें. आपला दोष दुसऱ्याच्या माथीं मारण्याची ही सोय तरुण मनाला बरी वाटते. सुमारें नऊ वर्षें तो त्या पंथाचा श्रोता होता. आईनें त्याला कांहीं काळ आपल्या घरांत पाऊल टाकूं दिलें नाहीं. मग घेतलें, आणि ती रडत व प्रार्थना करीत राहिली.

ह्याच सुमारास थागास्ते येथें तो शिकवीत असतां एक गोष्ट घडली. तिच्याकडे चरित्रकारांचें लक्ष कमी जातें, पण आम्हांस ती फार महत्त्वाची वाटते. त्याचा एक जिवलग मित्र होता. दोघें बरोबर वाढलेले, एका शाळेंतले. ऑगस्टीननें त्यालाही मानीपंथाकडे ओढलें होतें. तो तापानें बेशुद्ध पडला, तेव्हां घरच्यांनीं त्या अवस्थेंतच त्याला बाप्तिस्मा देवविला. ऑगस्टीनला त्याचें कांहींच वाटलें नाहीं. नकळत अंगावर पडलेल्या पाण्यानें मनांत काय फरक होणार, असें तो समजत होता. मित्र शुद्धीवर आला. ऑगस्टीन उशाशीं बसून त्या बाप्तिस्म्याची थट्टा करूं लागला. मित्रही आपल्याबरोबर हसेल अशी त्याची खात्री होती. पण मित्रानें एखाद्या शत्रूकडे पाहावें तसें त्याच्याकडे पाहिलें, आणि आपली मैत्री टिकावी असें वाटत असेल तर ही भाषा बंद कर, असें निक्षून सांगितलें. ऑगस्टीन चकित झाला. बरा झाल्यावर समजूत घालूं, असा त्यानें विचार केला. परंतु थोड्याच दिवसांत ताप उलटला आणि, ऑगस्टीन जवळ नसतां, मित्र मरण पावला. त्यानंतर त्याला तें गांव खायला उठलें. जेथें जेथें दोघें हिंडले होते तीं सर्व स्थळें त्याला नकोशीं झालीं, आणि तो कार्थेजला निघून गेला.

कार्थेजचे विद्यार्थी फार दांडगे. वाटेल त्या वर्गांत घुसून धुमाकूळ घालीत. त्यांना कंटाळून ३८३ सालीं त्यानें रोमचा रस्ता धरला. आई बरोबर येण्याचा हट्ट धरून बसली, तेव्हां मित्राला निरोप देण्यास जातों असें खोटें सांगून, आणि बंदराजवळच्या संत सिप्रियानच्या स्मारकमंदिरांत तिला रात्रीपुरती ठेवून, त्यानें गलबत गांठलें. रोमचे विद्यार्थी शांत होते खरे, पण फी देण्याचा दिवस आला कीं टोळीनें दुसऱ्या शिक्षकाकडे पळत. अखेर रोमचा नगराधिकारी सिमॅकस ह्याच्या शिफारशीनें ३८४ सालीं त्याला मिलान येथें जागा मिळाली. मिलान हें त्या वेळीं बादशहाचें राहण्याचें ठिकाण. बादशहाची जाहीर स्तुति करणें हेंही ह्या जागेच्या कामांत येई. अशाच एका स्तुतिपर भाषणाची काळजी वाहत रस्त्यानें जातांना त्याला एक दारू प्यालेला भिकारी मजेंत हसतांना दिसला, आणि चार नाण्यांत हा जें सुख मिळवितो त्यासाठीं आपण इतकी वर्षें खोटें बोलण्याची कला घासतों आहों, असें त्याच्या मनांत आलें.

मिलानचे बिशप अँब्रोज हे मोठे विद्वान व निर्भय पुरुष होते. ऑगस्टीन त्यांच्या उपदेशास प्रथम गेला तो केवळ वक्तृत्व पारखण्यासाठीं. परंतु भाषेमागून हळूहळू अर्थही आंत शिरला. ज्या शास्त्राला त्यानें अडाण्यांचें पुस्तक म्हणून बाजूस ठेवलें होतें त्यांत खोल पाणी आहे, हें त्याला दिसूं लागलें. ३८५ सालीं मोनिकाही समुद्र ओलांडून मुलापाशीं आली.

येथें आम्हांस एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. मुलाला चांगल्या घराण्यांतली बायको मिळावी, हुंड्यानें त्याची उन्नति व्हावी, आणि लग्न झालें कीं त्यानें बाप्तिस्मा घ्यावा, अशी योजना ठरली. मोनिकेनें तींत पुढाकार घेतला. मुलगी पाहिली ती लग्नाच्या वयाहून दोन वर्षांनीं लहान. आणि पंधरा वर्षांच्या सोबतिणीला आफ्रिकेस परत पाठविण्यांत आलें. ती मुलाला बापाजवळ ठेवून, आपण दुसऱ्या पुरुषाचें तोंड पाहणार नाहीं अशी शपथ वाहून गेली. ऑगस्टीनच्या काळजाला ह्यानें मोठा घाव बसला. तरी लग्नाला दोन वर्षें थांबवेना म्हणून त्यानें आणखी एक स्त्री ठेवली. मोनिकेच्या प्रार्थनेची थोरवी आम्ही मनापासून मानतों. परंतु ह्या प्रकरणांत तिचा हिशेब आम्हांस पटत नाहीं. ज्या अनाम स्त्रीनें शपथ वाहून ती पाळण्याचें मनांत धरलें, तिच्याकडे त्या घरांतल्या सर्वांनींच थोडें अधिक पाहावयास हवें होतें. आपल्याही समाजांत मुलाची नोकरी, हुंडा आणि प्रतिष्ठा हीं पुढें आणि त्याचें शील मागें, असें होत नाहीं काय?

३८६ च्या उपवासकाळाच्या अखेरीस मिलानमध्यें मोठीच गडबड उडाली. लहान बादशहाची आई जस्टिना हिनें, ख्रिस्ताचें पूर्ण देवपण न मानणाऱ्या आरियन पक्षासाठीं, शहरांतलें एक उपासनामंदिर मागितलें. अँब्रोज ह्यांनीं नकार दिला. शिपायांचा वेढा पडला, आणि लोक आपल्या बिशपबरोबर रात्रंदिवस मंदिरांत बसून राहिले. त्यांनीं खचूं नये म्हणून अँब्रोज ह्यांनीं सर्वांकडून स्तोत्रें व गीतें गावविलीं; पश्चिमेकडील मंडळींत तशा गायनाची प्रथा तेथून पसरली. मोनिका त्या जागरणांत अग्रभागीं होती. ऑगस्टीन मात्र बाहेर होता. शहराची खळबळ त्याला जाणवली, पण त्याचें मन तेव्हां थंडच होतें, असें त्यानें स्वतः नमूद केलें आहे. तो उपवासकाळ त्याच्या अंगावरून वाऱ्यासारखा निघून गेला.

त्याच उन्हाळ्यांत सिम्प्लिसियान नांवाच्या वृद्ध पाळकानें त्याला व्हिक्टोरिनसची हकीकत सांगितली. हा रोमचा नामांकित वक्तृत्वशिक्षक. त्याचा पुतळा शहराच्या चौकांत उभा होता. शास्त्र वाचून तो मनानें ख्रिस्ती झाला, पण ओळखीच्या बड्या लोकांच्या भीतीनें मंदिरांत येईना. भिंतींनीं का कोणी ख्रिस्ती होतो, असें तो थट्टेनें विचारी. शेवटीं एके दिवशीं त्यानें आपणहून नांव दिलें, आणि खाजगीरीत्या मतांगीकार म्हणण्याची सवलत दिली असतां ती नाकारून सर्व लोकांसमक्ष तो म्हटला. ऑगस्टीनही त्याच धंद्यांतला. ही गोष्ट त्याला झोंबली. मग पोंटिशियानस नांवाच्या दरबारी गृहस्थानें संत अंतोनीच्या संन्यस्त जीवनाविषयीं, व तें वाचून एका दिवसांत नोकरी सोडणाऱ्या दोन अधिकाऱ्यांविषयीं, सांगितलें. ऑगस्टीनची बुद्धि केव्हांच वळली होती; जुन्या संवयी मात्र वळत नव्हत्या. शुद्धतेची मागणी तर तो करी, पण ती आजच मिळूं नये असेंही त्याला वाटे.

३८६ च्या ऑगस्ट महिन्यांत, बिऱ्हाडाच्या बागेंत अंजिराच्या झाडाखालीं तो रडत पडला असतां शेजारच्या घरांतून एका मुलाचा कीं मुलीचा आवाज आला. उचलून वाच, अशा अर्थाचें कांहीं तरी तें मूल पुन्हां पुन्हां गुणगुणत होतें. असा कोणता खेळ मुलांत आहे काय, हें त्यानें आठवून पाहिलें, आठवेना. तेव्हां ही देवाची आज्ञा समजून तो उठला, आणि जवळ ठेवलेलें पौलाच्या पत्रांचें पुस्तक उघडून जेथें दृष्टि पडली तेथें वाचूं लागला. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायाचा तो शेवट होता. चैन, विषयासक्ति व भांडणें टाकून देऊन येशू ख्रिस्तालाच वस्त्राप्रमाणें अंगावर घ्यावें, असा त्याचा भाव आहे. त्याला पुढें वाचण्याची गरज वाटली नाहीं. बरोबरच्या अलिपियस ह्या मित्रानें त्यापुढचें वाक्य आपल्यासाठीं घेतलें, आणि दोघें आंत जाऊन मोनिकेला ही वार्ता सांगते झाले.

पुष्कळ पुस्तकांत ऑगस्टीनची गोष्ट येथें संपते. आमच्या मतें ती येथें निम्मीच होते. वस्त्र अंगावर घेणें एका क्षणाचें काम. तें अंगाला बसणें निराळें. ऑगस्टीननें त्यानंतर काय केलें तें पाहावें. द्राक्षांच्या हंगामाची सुटी लागण्यास सुमारें वीस दिवस होते. त्यानें गाजावाजा न करतां तेवढे दिवस वर्ग घेतले, मग छातीचें दुखणें सांगून राजीनामा दिला. दुखणें खरें होतें. ठरलेलें लग्न सोडलें. आई, मुलगा, भाऊ, अलिपियस व दोन शिष्य ह्यांच्यासह तो मित्राच्या खेड्यांतल्या घरीं जाऊन राहिला. तेथें वादविवाद, वाचन, प्रार्थना चाले. मध्येंच दाढदुखीनें त्याला इतकें सतावलें कीं बोलवेना, तेव्हां पाटीवर लिहून त्यानें इतरांस आपल्यासाठीं प्रार्थना करण्यास विनविलें. अँब्रोज ह्यांना पत्र पाठवून, तयारीसाठीं काय वाचूं, असें विचारलें. त्यांनीं यशया वाचावयास सांगितला. पहिला भागच कळेना, तेव्हां ह्या विद्वानानें, थोडें जाणतें होऊन पुन्हां वाचूं, असें ठरवून तो बाजूस ठेवला.

३८७ च्या आरंभीं सर्वजण मिलानला परतले. त्या वर्षीं ईस्टर २५ एप्रिल रोजीं होता. म्हणजे उपवासकाळ मार्चच्या मध्यास लागला. राख लावण्याची चाल तेव्हां नव्हती, ती नंतरची. ऑगस्टीन, अलिपियस आणि पंधराएक वर्षांचा अदेओदातस ह्या तिघांनीं आपलीं नांवें दिलीं. अलिपियसनें तर देहदंडासाठीं इटलीच्या गोठलेल्या जमिनीवर अनवाणी चालण्याचा नेम केला. बाप आणि मुलगा एकाच वर्गांत, शेजारीं शेजारीं! अशा उमेदवारांना लॅटिनमध्यें मागणारे ह्या अर्थाचें नांव होतें. रोज अँब्रोज ह्यांचा उपदेश होई. त्यांत गूढ तत्त्वें नसत; अब्राहाम, इसहाक, याकोब ह्यांचीं चरित्रें आणि नीतिसूत्रें ह्यांवरून रोजच्या वागणुकीचें शिक्षण असे. सायंकाळपर्यंत उपवास, मात्र मिलानमध्यें शनिवारीं व रविवारीं उपवास नसे. मोनिकेला ह्या शनिवारांचा मोठा प्रश्न पडला, कारण इतर ठिकाणीं चाल निराळी होती. मुलानें जाऊन अँब्रोज ह्यांस विचारलें. जेथें राहावें तेथल्या मंडळीची चाल पाळावी, एवढें साधें उत्तर त्यांनीं दिलें, आणि ऑगस्टीनला तें जन्मभर पुरलें.

ईस्टरच्या आधींच्या रविवारीं उमेदवारांना मतांगीकार शिकवीत. तो लिहून घेण्याची मनाई होती. ऐकून पाठ करावयाचा. ज्याला व्हर्जिल पाठ, सिसरो पाठ, ज्यानें बादशहापुढें भाषणें केलीं, त्यानें आतां सर्वसाधारण लोकांच्या बरोबरीनें दहाबारा ओळी घोकल्या. ह्यांत त्याला कमीपणा वाटला असेल काय? तसें दिसत नाहीं. पुष्कळ वर्षांनीं त्यानें लिहिलें आहे कीं, त्या दिवसांत आपण किती लक्ष देऊन, किती काळजीनें शिकत होतों, तें आपल्याला विसरतां येत नाहीं.

२४ एप्रिलच्या रात्रीं जागरण झालें. बाप्तिस्म्याचें मंदिर अष्टकोनी होतें. त्याचे अवशेष मिलानच्या कॅथीड्रलसमोरील चौकाखालीं उत्खननांत सांपडले असून आजही पाहावयास मिळतात. उमेदवारांचे कान व नाकपुड्या ह्यांना स्पर्श होई. सैतानाचा त्याग उच्चारून ते पूर्वेकडे वळत. मग कुंडांत उतरून, पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांवरील विश्वासाच्या तीन प्रश्नांना उत्तर देत तीनदां बुडी. नंतर मस्तकावर तेल. आणि बिशप स्वतः खालीं बसून त्यांचे पाय धूत. ही चाल रोममध्यें नव्हती, पण अँब्रोज ह्यांनीं ती आग्रहानें ठेवली होती. शेवटीं शुभ्र वस्त्रें परिधान करून सर्वजण मोठ्या मंदिरांत प्रभुभोजनास जात. ज्या बाप्तिस्म्याची ऑगस्टीननें मित्राच्या उशाशीं थट्टा केली होती तो त्यानें ह्या रीतीनें घेतला. गेलेल्या आयुष्याची टोचणी त्या दिवसांत नाहींशी झाली आणि मंडळीच्या गायनानें त्याला रडूं येई. अँब्रोज व ऑगस्टीन ह्यांनीं त्या रात्रीं आळीपाळीनें एक नवें स्तोत्र रचून म्हटलें असें सांगतात. गोष्ट सुंदर आहे, पण ती दंतकथा होय.

त्याच वर्षीं आफ्रिकेस परत जातांना ऑस्टिया बंदरीं मोनिका छपन्नाव्या वर्षीं तापानें वारली. आपला देह मायदेशीं नेण्याची पूर्वीं तिला हौस होती. आतां तिनें कोठेंही पुरा म्हणून सांगितलें, फक्त प्रभूच्या मेजाजवळ माझी आठवण करा, एवढेंच मागितलें. ऑगस्टीन ३८८ सालीं घरीं पोंचला. वडिलोपार्जित मिळकतीचा मोह त्यानें सोडला आणि मित्रांसह प्रार्थना व अभ्यास करीत राहिला. थोड्याच काळांत अदेओदातसही गेला. बापलेकांचा एक संवाद ऑगस्टीनच्या ग्रंथांत शिल्लक आहे. त्यांतलीं मुलाचीं उत्तरें खरोखर त्याचींच असल्याची ग्वाही बापानें दिली आहे. मुलाच्या बुद्धीचें त्याला भय वाटे, इतकी ती तीव्र होती.

३९१ सालीं हिप्पो (आजचें अन्नाबा) ह्या बंदरीं तो गेला असतां लोकांनीं त्याला धरलें आणि वृद्ध बिशप व्हालेरियस ह्यांच्यापुढें नेऊन पाळक करविलें. तो रडूं लागला. कांहीं भोळ्या लोकांना वाटलें कीं एकदम बिशप केलें नाहीं म्हणून ह्याला दुःख झालें, आणि तेंही लौकरच होईल, असें त्यांनीं समाधान केलें! त्यानें व्हालेरियस ह्यांना पत्र लिहून शास्त्राभ्यासासाठीं ईस्टरपर्यंतची सवड मागितली. लोकांना शिकविण्यापूर्वीं पुन्हां एकदां उपवासकाळांत आपणच शिकावें, हें त्याला सुचलें.

सुमारें ३९५ पासून ते हिप्पोचे बिशप झाले आणि मरेपर्यंत राहिले. त्यांचे वाद, त्यांचीं शेंकडों प्रवचनें, रोमच्या ४१० मधील पाडावानंतर लिहिलेला देवनगरीवरील बावीस भागांचा ग्रंथ, ह्या सर्वांची नुसती यादी दिली तरी अंकाची पानें पुरणार नाहींत. डोनाटसच्या पंथीयांवर सरकारी सक्ति करण्यास त्यांनीं उतारवयांत संमति दिली, ती आम्हांस मान्य नाहीं. मन वळण्यास किती वर्षें लागतात हें त्यांच्याहून कोणास अधिक ठाऊक होतें? परंतु दरसाल उपवासकाळांत ते आपल्या नगरांतील उमेदवारांना स्वतः शिकवीत. मतांगीकार म्हणून दाखवितांना कोणी अडखळला तर ते सांगत कीं भिऊं नका, आम्ही तुमचे बाप आहों, आमच्याजवळ मास्तरांची छडी नाहीं. थागास्तेच्या शाळेंतील तो मुलगा त्या बिशपांच्या आंत जिवंत होता. आणखी ते म्हणत कीं, जसे तुम्ही रोज उठून अंगावर कपडे घालतां तसा हा विश्वास रोज आठवून मनावर घाला.

बाप्तिस्म्याला दहा वर्षें होऊन गेल्यावर त्यांनीं कन्फेशन्स हा ग्रंथ लिहावयास घेतला. पूर्वायुष्याची कबुली त्यांत आहेच. पण दहाव्या भागांत ते, आपण आज कसे आहों, हें तपासूं लागतात. त्या वेळीं ते नामांकित बिशप होते. जुनीं चित्रें अजून स्वप्नांत येतात. भुकेपुरतें खातों कीं चवीसाठीं, हें आपल्यालाच कळत नाहीं. स्तोत्राच्या अर्थापेक्षां चाल अधिक आवडते. लोकांची स्तुति गोड लागते, आणि ती आवडत नाहीं असें म्हणण्यांतही एक स्तुतीची इच्छा लपलेली असते: हें सर्व त्यांनीं उघड मांडलें आहे. त्या काळच्या वाचकांना तयार संताची कथा हवी होती. हा संत अजून दुखण्यांतून उठत होता, आणि वैद्य कोण हें मात्र त्यास पक्कें ठाऊक होतें.

४३० सालीं व्हँडाल लोकांनीं हिप्पोला वेढा घातला. वेढ्याच्या तिसऱ्या महिन्यांत ऑगस्टीन तापानें अंथरुणास खिळले. पश्चात्तापाचीं दाविदाचीं स्तोत्रें त्यांनीं मोठ्या कागदांवर लिहवून घेतलीं आणि बिछान्यावरून दिसतील अशीं समोरच्या भिंतीवर लावविलीं. पडल्या पडल्या तीं ते वाचीत आणि रडत. शेवटचे सुमारें दहा दिवस, वैद्य येतील किंवा जेवण आणलें जाईल तेवढी वेळ सोडून, कोणास आंत येऊं देऊं नये, असें त्यांनीं सांगितलें, आणि तें पाळण्यांत आलें. २८ ऑगस्ट ४३० रोजीं, वयाच्या शाहात्तराव्या वर्षीं, ते मरण पावले. मृत्युपत्र त्यांनीं केलें नव्हतें, कारण ठेवण्यासारखें कांहीं जवळ नव्हतें. मंडळीच्या पुस्तकालयांतील ग्रंथ पुढील लोकांसाठीं जपून ठेवावे, एवढें मात्र ते नेहमीं बजावीत असत.